अठ्ठावन्न ते सत्तर

पेन्शनचा १०-डी फॉर्म भरताना नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागायचा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका इंजिनीअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी एकोणतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची पंधरा-सोळा वर्षं निवृत्त होणाऱ्यांचे हे फॉर्म भरून द्यायचं काम माझ्याकडे होतं. दिघ्याच्या नाहीतर कळव्याच्या स्टुडिओत काढलेले ते फोटो अजून डोळ्यांसमोर आहेत. बऱ्याच जोडप्यांचा लग्नानंतरचा दोघांचाच असा तो पहिला फोटो असायचा. तो चिकटवून झाला की माणूस विचारायचा, "भाऊ, किती बसेल?" मी हिशेब करून आकडा सांगायचो. "महिन्याचे?" असं पुन्हा एकदा विचारलं जायचं, आणि मग फारसं कोणी बोलायचं नाही.

दुसरा एक प्रश्न मात्र त्या टेबलापाशी मला कोणी विचारला नाही आणि मीही कोणाला सुचवला नाही. उद्यापासून दवाखान्याचं काय? निवृत्त होऊन आता मला स्वतःला दोन वर्षं झाली, आणि माझं ठाम मत झालंय की कामगाराच्या म्हातारपणाचा खरा प्रश्न हा आहे. पेन्शन आणि औषधपाणी हे दोन वेगळे विषय धरून आपण सगळ्यांनी, सरकारने, युनियनने आणि माझ्यासारख्या फॉर्म भरणाऱ्यांनीही, मोठी चूक केली.

आधी पेन्शनचं सांगतो, कारण नोकरीत असलेल्या कित्येकांना अजून वाटतं की पीएफ कापला जातोय म्हणजे पेन्शन भरघोस येणार. खासगी कामगाराची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली. आपल्या पगारातून जे १२ टक्के कापतात त्यातला एक रुपयाही तिच्यात जात नाही. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के तिकडे वळतात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. हे टक्केही खऱ्या पगारावर नसतात, सरकारने ठरवलेल्या कमाल पगारावर असतात. ही मर्यादा १९९५ मध्ये ५ हजार होती, २००१ मध्ये साडेसहा हजार झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५ हजार. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, असा हिशेब. त्यात २०१४ च्या आधीच्या वर्षांना साडेसहा हजारच धरतात. माझी १९९५ ते २०२३ ची सगळी नोकरी, वीस वर्षं पुरी केल्याबद्दल मिळणारी दोन जादा वर्षं धरून, या सूत्रात घातली की चार हजार शंभरच्या आसपास रक्कम येते. शेवटचा पगार किती होता याचा तिच्याशी काही संबंध नाही. १५ हजारांवर सलग ३५ वर्षं भरली तर साडेसात हजार होतात. पण १५ हजारांची मर्यादाच २०१४ ला आली, म्हणजे तसा माणूस २०४९ साली निवृत्त होईल. खऱ्या पगारावरच्या वाढीव पेन्शनची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने काहींसाठी खुली केली, पण त्यासाठी मागच्या सगळ्या वर्षांचा फरक पीएफमधून परत भरावा लागतो. पीएफ मुलीच्या लग्नात आणि खोलीच्या डिपॉझिटात संपवून बसलेल्या माणसाने तो कुठून भरायचा?

एकदा ठरली की ही पेन्शन गोठते. तिला महागाई भत्ता नाही. आमच्याच इमारतीत पालिकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. आमचं वय सारखं, दोघांनी तीसेक वर्षं राबून काढली. वर्षातून दोनदा भत्ता वाढला की ते मला मुद्दाम सांगत नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांची पेन्शन कमी करा असं मी कधी म्हणणार नाही. घाम त्यांनीही गाळलाय. पण महागाई त्यांच्या आणि माझ्या घरात एकाच दराने येते, एवढं तरी कायद्याला दिसायला हवं.

किमान पेन्शनचा विषय निघाला की माझं डोकं गरम होतं. २०१३ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३ हजार करा अशी शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली ती १ हजार, आणि आजही ती तिथेच आहे. आपल्याच महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेत निराधार वृद्धांना महिना १,५०० रुपये मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत, मी तर म्हणेन तेही थोडे आहेत. पण किमान दहा वर्षं ज्याच्या नावाने दरमहा वर्गणी गेली त्या कामगाराला सरकार ज्या रकमेची हमी देतं, ती निराधाराच्या मदतीहूनही कमी असावी, याचं समर्थन मला आजवर एकाही अधिकाऱ्याकडून ऐकायला मिळालं नाही. त्याच्या माघारी बायकोला यातली निम्मी मिळते, तिलाही तळ तोच, एक हजार.

आता दवाखाना.

कंपनीचं मेडिक्लेम ज्या दिवशी नोकरी संपते त्या दिवशी संपतं. आमच्या हीट ट्रीटमेंट विभागातला एक मित्र निवृत्त झाल्यावर आठव्या महिन्यात पहाटे छातीत दुखू लागलं म्हणून दाखल झाला. भट्टीसमोर तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. नोकरीत असताना त्याने एकदाही क्लेम केला नव्हता. दोन स्टेंट पडले. अकरा दिवसांत पीएफची निम्मी रक्कम गेली. आठ महिने आधी हेच दुखणं आलं असतं तर खिशातून जेमतेम काही हजार गेले असते. शरीर तेच, आजार तोच, फक्त मधे एक तारीख आली.

ही २०१९ ची गोष्ट. त्यानंतर परिस्थिती सुधारली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं आणि आता शिधापत्रिका कुठल्याही रंगाची असली तरी चालते. त्या वेळी माझ्या मित्राचं कार्ड पांढरं होतं म्हणून तो बाहेर राहिला; आज राहिला नसता. केंद्राने २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत घेतलं. या दोन्ही गोष्टी फार मोलाच्या आहेत. पण त्या दोन्ही योजना माणूस खाटेवर पडल्यानंतरच्या आहेत. यादीतलं ऑपरेशन, यादीतला उपचार, यादीतलं रुग्णालय. डिस्चार्जनंतरचे थोडे दिवस सोडले तर पुढच्या गोळ्या ज्याच्या त्याने आणायच्या. त्या मित्राच्या गोळ्या आजही चालू आहेत: रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची, बीपीची, आणि सोबत बायकोची शुगरची. जनेरिक औषधांच्या दुकानातून आणूनही त्याच्या पेन्शनमधला मोठा वाटा तिकडे जातो. म्हातारपणाचा खर्च हा असा असतो. एखाद्या वेळी येणाऱ्या मोठ्या बिलासाठी योजना झाल्या. दर महिन्याच्या पाच तारखेला येणाऱ्या औषधांच्या बिलाला मात्र कोणी वाली नाही. तपासण्या, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचा एक्स-रे यांचंही तेच. आणि गोळ्या परवडत नाहीत म्हणून सोडल्या की तोच माणूस दोन वर्षांनी पाच लाखांच्या योजनेखाली दाखल होतो.

खासगी विमा घ्या, असा सल्ला देणारे भेटतात. मी निवृत्त होताना चौकशी केली. दोघांसाठी पाच लाखांच्या पॉलिसीचा वर्षाचा हप्ता माझ्या वर्षभराच्या सगळ्या पेन्शनहून जास्त निघाला. त्यातही आम्हा दोघांना शुगर असल्यामुळे त्या आजारासाठी पहिली काही वर्षं थांबा, असं उत्तर मिळालं. विमा नियामकाने गेल्या काही वर्षांत चांगली पावलं उचलली. १ एप्रिल २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा उठली, जुन्या आजारांसाठी थांबायचा कमाल काळ चार वर्षांवरून तीनवर आला, आणि सरकारने २०२५ च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला. पण त्याच नियामकाचा २०२५ च्या जानेवारीतला आदेश पाहा. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपन्यांनी आधी सल्लामसलत करावी, असं त्यात म्हटलंय. म्हणजे दहा टक्क्यांपर्यंतची वाढ न विचारता चालते. हप्ता दरसाल दहा टक्क्यांनी वाढू शकतो आणि पेन्शन मरेपर्यंत एका पैशाने वाढणार नाही. अशा दोन गोष्टींची गाठ कुठलाही माणूस फार वर्षं मारून ठेवू शकत नाही. आमच्या बॅचच्या तिघांनी पॉलिसी घेतली होती. दोघांनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सोडली.

या सगळ्यात एक योजना अशी आहे की जिच्याकडे पाहून मला दरवेळी हळहळ वाटते. कामगार राज्य विमा, आपली ईएसआय. किमान पाच वर्षं विम्यात असलेला कामगार वयोमानाने किंवा व्हीआरएस घेऊन निवृत्त झाला तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि त्याच्या जोडीदाराला उपचार चालू ठेवता येतात. महिन्याचे दहा रुपये! ओपीडी आणि गोळ्या त्यात येतात, दाखल होणंही येतं. या देशात म्हातारपणाला खरोखर उपयोगी पडेल अशी रचना कुठली असेल तर ती ही. पण तिला एक दार आहे आणि ते पगाराच्या मर्यादेचं आहे. ही मर्यादा २००६ मध्ये १० हजार होती, २०१० मध्ये १५ हजार झाली आणि २०१७ पासून २१ हजार आहे. तुमचा पगार तिच्या वर गेला की तुम्ही विम्याबाहेर. कायम कामगाराच्या आयुष्यात याचा अर्थ असा होतो: तरुणपणी, धडधाकट असताना, वर्षानुवर्षं वर्गणी भरायची, करार होऊन पगार वाढला की बाहेर पडायचं, आणि आजारांच्या वयात निवृत्त होताना सांगितलं जातं की तुम्ही विमाधारक नाही. मी स्वतः असाच बाहेर पडलो. २०२४ च्या फेब्रुवारीत ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाने हे दार थोडं किलकिलं केलं. मर्यादेमुळे बाहेर गेलेल्या, पण ३० हजारांपर्यंत पगार असलेल्या निवृत्तांना काही अटींवर परत घ्यायचं ठरलं. चांगलं झालं. पण ठाणे-बेलापूर पट्ट्यात तीस वर्षं काढलेल्या कुशल कायम कामगाराचा पगार निवृत्तीच्या वेळी तीस हजारांच्या आत क्वचितच असतो. तो एकदा निवृत्त झाला की त्याचं उत्पन्न चार हजारांवर येतं, आणि तरी त्याची पात्रता जुन्या पगारावर मोजली जाते.

म्हणून माझं म्हणणं एवढं आहे. ज्या दिवशी ईपीएसची पेन्शन सुरू होते त्याच दिवशी तो माणूस आणि त्याचा जोडीदार ईएसआयच्या उपचारांना पात्र व्हावा, शेवटचा पगार कितीही असो. वर्गणी पेन्शनमधूनच कापा. दहाचे दोनशे करा, कुरकुर करणार नाही. ईपीएसचे पेन्शनर ७८ लाखांवर आहेत. महिन्याला दोनशे धरले तर वर्षाचे अठराशे कोटींहून जास्त जमतात. ज्यांची पेन्शनच हजार-दोन हजार आहे त्यांच्यासाठी दहा रुपयेच ठेवा आणि उरलेला भार केंद्राने उचलावा. सगळा खर्च यातून निघणार नाही हे मला कळतं, पण महामंडळाची गंगाजळी मोठी आहे, आणि ती कामगारांच्या वर्गणीचीच आहे. वागळे इस्टेट, मुलुंड, वाशी, उल्हासनगर या पट्ट्यात कामगार विम्याची रुग्णालयं उभी राहिली ती आमच्याच पिढीच्या पगारातून. केंद्राची आयुष्मान योजना सगळ्यांसाठी सत्तरीला सुरू होते, पेन्शन अठ्ठावन्नला. मधली बारा वर्षं हीच ती वर्षं, जेव्हा शुगर आणि बीपी सांभाळलं तर माणूस पुढे धडधाकट राहतो आणि दुर्लक्ष केलं तर किडनीपर्यंत जातं.

यावर मला जी उत्तरं मिळतात ती मी मनावर घेऊन ऐकली आहेत. ईएसआयच्या दवाखान्यात आत्ताच रांगा आहेत, औषधं संपलेली असतात, त्यात पेन्शनरांची भर कशाला? ही तक्रार खरी आहे. पण ज्या दवाखान्यात आवाज असलेले लोक जात नाहीत तो दवाखाना सुधारत नाही, हेही तितकंच खरं. तीस वर्षं युनियनमध्ये काढलेले, फाइल कशी हलवायची हे माहीत असलेले आणि दिवसभर मोकळे असलेले लोक त्या रांगेत आले तर औषधांच्या खिडकीवरचं 'स्टॉक नाही' जास्त दिवस टिकणार नाही.

दुसरं उत्तर पैशाचं. ईपीएसच्या फंडात तूट आहे, वर्गणी थोडी भरली तर पेन्शन जास्त कुठून देणार? यात तथ्य आहे, आणि किमान पेन्शन साडेसात हजार व तिला महागाई भत्ता अशी मागणी करणाऱ्या आम्हा पेन्शनरांच्या चळवळीने याला सरळ उत्तर द्यायला हवं असं मला वाटतं. माझं उत्तर असं की मागच्या वर्षांची भरपाई फंडातून होणार नाही, ती अर्थसंकल्पातूनच व्हावी लागेल, जशी किमान हजारासाठी आजही होते. वर्गणीची मर्यादा २०१४ पासून हलली नाही, हा दोष कामगाराचा नाही. कोश्यारी समितीचे ३ हजार आणि त्यावर महागाईची जोड, इथून तरी सुरुवात करा.

तिसरं उत्तर खास ठाण्याचं आहे. "तुम्हा लोकांच्या खोलीची किंमत आज पाऊण कोट आहे, तुम्हाला काय कमी?" असं मला एका शिकल्यासवरल्या माणसाने तोंडावर ऐकवलं. वर्तकनगर असो, कळवा असो की ऐरोली, जुन्या कामगारांच्या घरांना भाव आलाय हे खरं. पण त्या घरात मुलगा-सून-नातवंडं राहतात. घराचा एक कोपरा मोडून गोळ्या आणता येत नाहीत. विकून गावी जा म्हणावं, तर गावापासून कार्डिऑलॉजिस्ट ऐंशी किलोमीटरवर.

कंत्राटी कामगारांबद्दल थोडंच लिहितो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. रबाळे-महापेला एकाच गेटमधून अठरा वर्षं आत गेलेला माणूस कागदोपत्री सात ठेकेदारांकडे तुटक-तुटक असतो. दरवेळी काम सुटलं की अडचणीपोटी १०-सी फॉर्म भरून तो पेन्शनची जमा रक्कम काढून घेतो, आणि पेन्शनला लागणारी दहा वर्षं कधी भरतच नाहीत. त्याच नवी मुंबईत, वाशीच्या बाजार समितीत, याचं उत्तर आपल्यासमोर आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या त्या चळवळीतून असं मंडळ आलं की हमालाची नोंद टोळीसह मंडळाकडे राहते, मालक बदलला तरी पीएफ-ग्रॅच्युइटी तुटत नाही, आणि त्यासाठी मालक मजुरीवर ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरतो. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांना हाच मार्ग का लावता येऊ नये? खाडीच्या या किनाऱ्यावर जन्मलेल्या आमदार-खासदारांना तरी तो नव्याने समजावून सांगावा लागू नये.

शेवटी आमच्याच लोकांबद्दल. तीन-तीन वर्षांच्या करारांच्या किती वाटाघाटी मी टाइम ऑफिसच्या काचेतून पाहिल्या. पगारवाढ, बोनस, कँटीन, बसचा मार्ग, यावर रात्र-रात्र बैठका झाल्या. निवृत्तीनंतर पाच वर्षं तरी मेडिक्लेम चालू ठेवा, अर्धा हप्ता आम्ही भरू, ही मागणी आमच्या कारखान्याच्या एकाही मागणीपत्रात आली नाही. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त ठेवून पीएफ वाचवायला आम्ही आनंदाने सह्या केल्या, हातात चार पैसे जास्त येतात म्हणून. व्यवस्थापनाने काही लपवलं नव्हतं. आम्हाला अठ्ठावन्न हे वय फार लांब वाटत होतं.

येत्या मार्चमध्ये आमच्या कारखान्यातले नऊ जण सुटतायत. गेल्या रविवारी त्यांच्यातले सहा जण माझ्याकडे कागद घेऊन आले होते. या खेपेला मी १०-डीच्या आधी दुसऱ्या कागदांना हात घातला. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि आधी मोजलेला थांबायचा काळ वाया जात नाही, पण अर्ज नोकरीत असतानाच करायचा. ज्याचा पगार कधी ईएसआयच्या आत होता त्याने जुनं कार्ड, नाहीतर निदान विमा क्रमांक शोधून ठेवायचा. शिधापत्रिकेला सगळ्यांची आधार जोडणी झालीय का बघायचं. आणि युनियनच्या कमिटीवर असलेल्या दोघांना सांगितलं की नव्या मागणीपत्राचा मसुदा पुढच्या महिन्यात टाइप होतोय, त्यात निवृत्तांच्या औषधोपचाराचं कलम घालायचं असेल तर आत्ताच घाला. एकाने ते कलम तिथेच, माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून, वहीत उतरवून घेतलं.